गोफणीचा हात

अमरावतीत राजापेठेतल्या फ्लेक्सच्या दुकानात ज्योत्स्ना आठ वर्षं कामाला होती आणि आठ वर्षांत तिने किती मुंड्या बदलल्या, ते तिलाही सांगता आलं नसतं. मुंडी बदलणे हा तिथला रोजचा शब्द. गिऱ्हाईक फोटो घेऊन येई. दुकानाकडे पांढऱ्या कुडत्यातलं, हात जोडलेलं एक धड तयार असे. त्यावर गिऱ्हाइकाचं डोकं बसवायचं, मान जुळवायची, चेहरा जरा उजळ करायचा, वर 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' लिहायचं आणि छापायला पाठवायचं. एका आठवड्यात एकाच धडावर तीन पक्षांच्या मुंड्या बसल्या होत्या आणि तिघेही खूश होते. सांधा कुठे आहे ते कळू नये, एवढीच त्या कामातली कारागिरी. ज्योत्स्नाचा सांधा आजवर कोणालाच सापडला नव्हता.

उरलेल्या वेळात ती व्हिडिओ गेम करत होती. अमरावतीच्या कॉलेजातला तिचा मित्र सौमित्र अकोल्याला, जठारपेठेत वडिलांच्या वकिलीच्या ऑफिसमागच्या खोलीत बसून प्रोग्रॅम लिहायचा. चित्रं सगळी हिची. चार वर्षं असं चाललं होतं. गेमचं नाव 'जागल'. पिकात रानडुकरं शिरू नयेत म्हणून रात्रभर मचाणावर बसून राखण करायची, ती जागल. खेळणाऱ्याने एका बाईच्या हाताने गोफण फिरवायची आणि उजाडेपर्यंत वावर राखायचं.

ती बाई म्हणजे ज्योत्स्नाची आई, केशरबाई. नवरा गेल्यावर पातूरकडच्या आपल्या गावात तिने पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या वावरात जागल केली होती. जागलीला कोणी बाई ठेवत नाही. तिला ठेवलं, कारण तिचा दगड चुकत नसे. गोफणीची एक दोरी बोटात अडकवायची आणि सोडायची दोरी अंगठ्याखाली दाबायची, ही सगळ्यांची रीत. केशरबाई सोडायची दोरी करंगळीत धरायची. ज्योत्स्नाने तिला वावरात उभं करून तो हात फोनवर टिपला होता आणि गेममध्ये जसाच्या तसा उतरवला होता.

"माय, कव्हरावर तू येशीन," तिने तेव्हाच सांगून टाकलं होतं. "साऱ्या जगाले दिसशीन."

"मले कायले टाकतं व त्याच्यावर?" केशरबाई म्हणाली होती. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या चार घरी तिनेच ते सांगितलं.

उन्हाळ्यात गेमचं पान ऑनलाइन दुकानात लागलं. अशा दुकानात रोज शेकडो नवे गेम येतात. माणूस बोटाने यादी सरकवत जातो आणि गेमचं कव्हर त्याच्यासमोर अंगठ्याच्या नखाएवढं, तेही एखादा सेकंद येतं. त्यात थांबला तर थांबला. 'जागल'चं कव्हर हजार जणांना दिसलं की चार जण थांबत होते.

"चार," सौमित्र फोनवर म्हणाला. "चुकूनसुद्धा याहून जास्त बोटं लागतात."

ज्योत्स्नाने कव्हर परत उघडलं. मोठ्या पडद्यावर ते सुरेखच दिसत होतं. रात्रीचं वावर, मचाण, चंद्र, सात रानडुकरं, नाला, लांबवर गावाचे दिवे आणि या सगळ्यात काळोखात उभी असलेली तिची आई. दुकानात फ्लेक्स लावण्याचं काम पुंजाजी करत. ते जुने बोर्ड पेंटर. फ्लेक्स आल्यावर ब्रश ठेवून शिडी तेवढी राहिली होती. त्यांनी कव्हर उघडलेला तिच्या हातातला फोन घेतला, काउंटरवर उभा केला आणि तिला म्हणाले, "चाल."

दोघं रस्ता ओलांडून पलीकडच्या पानठेल्यापाशी उभे राहिले.

"काय दिसते?"

ज्योत्स्नाने डोळे बारीक केले.

"चुलीवरचं फडकं दिसते," पुंजाजी म्हणाले. "शिडीवरचा पेंटर आंधळा असते, बेटा. बोर्ड सडक ओलांडून पाहाचा. तू त्याच्यात सारं गाव भरलं. फ्लेक्स होय का तो? कोन रुसून राहिलं होतं तुयावर?"

तिला पटलं. कोणी रुसू नये म्हणून फ्लेक्सवर कार्यकर्त्यांपासून भाच्यापर्यंत सगळ्यांचे फोटो बसवता बसवता तिचा हात तसा पडला होता. काहीही गाळायची सवयच राहिली नव्हती. तिने डुकरं काढली. चंद्र, नाला, दिवे काढले. काळोखही काढला आणि मागे वाळल्या कडब्याचा पिवळा रंग भरला. वर उगारलेला हात, ताणलेली गोफण, तिच्या कमानीखाली आईचा काळा, सुरकुतलेला, दगडावर नजर धरलेला चेहरा. खाली 'जागल' ठसठशीत अक्षरांत. प्रत्येक बदलानंतर ती रस्ता ओलांडत होती. नवव्या खेपेला पानठेलेवालाच म्हणाला, "ताई, ते बाई आता दगड मारते वाटते."

रविवारी ते घेऊन ती अकोल्याला गेली. सौमित्रने ते नखाएवढं करून पाहिलं आणि "कडक आहे" म्हणाला. मग आपल्या संगणकावर त्याने दुसरं एक कव्हर उघडलं. पुण्याच्या एका चित्रकाराकडून त्याने ते करून घेतलं होतं. गोरी, विशीतली मुलगी, उडते केस, हातात गलोलीसारखी धरलेली गोफण.

"ही कोण?" ज्योत्स्नाने विचारलं.

"कोणी नाही. कव्हर आहे."

"गेममध्ये ही कुठे आहे?"

"हे बघ, चिडू नको. तुझी आई म्हणजे माझीही आईच आहे. पण यादी सरकवणारा पोरगा ब्राझीलमध्ये बसलेला असतो. तो म्हातारीसाठी थांबेल का?"

"थांबवून पाहू."

त्यावर बोली झाली. एक आठवडा पुण्याचं कव्हर, एक आठवडा ज्योत्स्नाचं. हजारामागे ज्यावर जास्त लोक थांबतील ते दिवाळीच्या तोंडावर ऑनलाइन दुकानाचा सेल लागेल तेव्हा कायम. सौमित्रने हात पुढे केला, तिने मिळवला. सौमित्रची आई अनुपमाकाकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांच्यासमोर झालं हे.

पुण्याच्या कव्हरावर बावीस थांबले. केशरबाईवर एकतीस.

ज्योत्स्नाने आकडा दोनदा तपासला आणि आईला फोन केला. तिकडे शेंगा फोडण्याचा आवाज येत होता. "एकतीस म्हंजे लय हाय का?" केशरबाईने विचारलं. "लय हाय, माय." "मंग झालं तं."

सेलच्या आदल्या दिवशी दुपारी सौमित्रची फाइल आली. ज्योत्स्नाने ती दुकानातच उघडली. पिवळी जमीन तिची होती. कमान तिची, अक्षरं तिची, उगारलेला हात आईचा. हाताखाली पुण्याच्या मुलीची मुंडी होती.

"बोली झाली होती आपली," ती फोनवर म्हणाली.

"बोली मोडली कुठे? तुझंच कव्हर ठेवलं ना. ठेवण तुझी, रंग तुझे, सगळं तुझंच आहे. फक्त चेहरा बदलला. ठेवणीमुळे एकतीस आले, चेहऱ्यामुळे किती गेले असतील, विचार कर."

"गेले कशावरून?"

"ज्योत्स्ना, चार वर्षं घातली आहेत मी."

"मी किती घातली?"

तो म्हणाला, "संध्याकाळी सहाला चढवतोय. फक्त मानेपाशी जमलं नाहीये, हात काळा आणि चेहरा गोरा दिसतो. पुण्याचा तो फोन उचलत नाही. तू नाही म्हणालीस तर असंच जाईल."

फोन ठेवल्यावर तिने ती फाइल बंद केली. एका आमदाराच्या भाच्याचा फ्लेक्स पुढे घेतला. तो अर्धा सोडून फाइल परत उघडली. सांधा भयंकर होता. डोकं धडावर ठेवून दिलेल्या मडक्यासारखं दिसत होतं. उजेड मुंडीवर डावीकडून येत होता आणि हातावर उजवीकडून. शिकाऊ पोरानेही असं सोडलं नसतं. असं चित्र तिच्या नावाने जगभर जाणार होतं. तिने ठरवलं असं काही नव्हतं, पण हात माउसवर गेला. मुंडी आरशातल्यासारखी उलटवून उजेड उजवीकडे घेतला. मान जुळवली. मग आईचा हात, कोपरापासून बोटांपर्यंत, दोन छटा उजळ केला. रोजचंच काम. अकरा मिनिटं लागली.

पुंजाजी मागे येऊन उभे होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि शिडी उचलून बाहेर गेले. या वेळी रस्ता ओलांडायला त्यांनी सांगितलं नाही.

सहाच्या आत तिने फाइल पाठवून दिली. सेलमध्ये हजारामागे तेहतीस थांबले. सौमित्रने आकड्याचा फोटो पाठवला, खाली एकच शब्द: 'बघ.' वाढलेले दोन जण चेहऱ्यासाठी थांबले की सेलची गर्दी होती म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता. पण सौमित्रने ते कव्हर आता कायमचं ठरवलं होतं.

दिवाळीला ज्योत्स्ना गावी गेली. शेजारच्या दोघी आधीच ओट्यावर येऊन बसल्या होत्या. केशरबाईने पदराला हात पुसले आणि फोन मागून घेतला. आधी लांब धरला, मग जवळ. शेजारणींपैकी एक म्हणाली, "कुठी हाय व केशर याच्यात?"

केशरबाईने पडद्यावरच्या करंगळीवर बोट ठेवलं.

"दोरी माह्यासारखी धरली हाय," ती म्हणाली. "हात माह्याच होय हा. धुऊन काढल्यावानी केला, पन माह्याच." मग बोट वर सरकवलं. "अन् हे मुंडी कोनाची?"

"कोनाची नाही, माय. कव्हर होय ते."

"सांधा तं दिसत नाही कुठी. कोनं केलं?"

ज्योत्स्ना खाली पाहत राहिली. केशरबाईने तिच्याकडे पाहिलं. मग फोन तिच्या मांडीवर ठेवून दिला आणि सूप पुढे ओढलं.

"तिचंच तोंड घ्याचं होतं, तं हातबी तिचाच घ्याचा," ती म्हणाली. "माह्या कायले घेतला?"