नाना ब्रँड होतात

रंगांच्या कंपनीने गोदाम बंद केलं आणि नाना घरी बसले. वय पन्नाशीला टेकलेलं. केसांनी फार लवकर साथ सोडली, म्हणून सहकाऱ्यांनी त्यांना तिशीतच नाना करून टाकलं होतं. गोदामात त्यांचा शब्द चालायचा. आता मात्र अर्जांवर अर्ज करूनही कुणी साधा नकारसुद्धा कळवेना. तरी ते रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी ठाण मांडायचे, आणि बायकोला भाजी चिरायला जागा उरायची नाही.

अशा वेळी मेव्हणा धावून आला. बायकोचा हा धाकटा भाऊ स्वतः कित्येक वर्षं बेकार होता. पण बेकारीला तो 'स्वतंत्र सल्लागार' म्हणायचा, आणि तेही अशा ठसक्यात, की ऐकणाऱ्याला आपल्या पगाराचीच लाज वाटावी.

"दाजी, माणूस म्हणून तुम्ही उत्तम आहात," तो म्हणाला. "पण माणसाला आज विचारतं कोण? ब्रँड व्हायला हवं."

"म्हणजे करू काय?"

"रोज एक पोस्ट टाकायची. जे घडेल त्यातून धडा काढायचा. शेवटी विचारायचं, तुम्हाला काय वाटतं?"

"आणि काहीच घडलं नाही तर?"

"तर त्याच्यावर लिहायचं!"

मेव्हण्याने नानांचं प्रोफाइल बनवलं. 'गोदाम सांभाळलं' याचं त्याने 'पुरवठा व्यवस्थेचा द्रष्टा शिल्पकार' केलं. फोटोसाठी आपला कोट दिला. कोटाचं बटण नानांच्या पोटावर लागेना, म्हणून हाताची घडी घालायला लावली. फोटोत नाना करारी दिसले.

मग घरात काही घडायची चोरी झाली. नळ गळला, नानांना त्यातून सांघिक भावना सापडली. दूध उतू गेलं, त्यातून संयम निघाला.

"दूध उतू गेलं, कारण तुम्ही फोनमध्ये तोंड घालून बसला होतात," बायको म्हणाली.

नानांनी तेही लिहिलं. परखड प्रतिसादाचं महत्त्व. त्याला मेव्हण्याचा आणि पाण्याच्या टाक्या विकणाऱ्या एका अनोळखी गृहस्थाचा अंगठा आला. कौतुकाची चटक वाईट. नाना जेवतानाही फोन उपडा ठेवेनात.

एकदा सकाळी नानांची म्हातारी आई न्हाणीघराच्या दारात घसरली. धप्प असा आवाज झाला. नाना तिथेच दोन पावलांवर उभे होते, हातात अर्थात फोन. आई जमिनीवर बसलेली, एक हात टेकलेला, दुसरा नानांकडे केलेला. खिडकीतला उजेड नेमका तिच्या चेहऱ्यावर पडलेला. नानांनी फोटो काढला. मग आणखी एक काढला, कारण पहिल्यात बादली आली होती.

त्यानंतर मात्र त्यांनी आईला अलगद उचललं, रिक्षातून दवाखान्यात नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. आत प्लास्टर चढत असताना नानांनी बाहेरच्या बाकावर बसून तो फोटो टाकला आणि खाली लिहिलं: 'पडणं महत्त्वाचं नाही, उठणं महत्त्वाचं. आज माझ्या आईने मला नेतृत्व शिकवलं. तुम्हाला काय वाटतं?'

पोस्ट वाऱ्यासारखी पसरली. ओळख ना पाळख, अशी माणसं डोळ्यांत पाणी आल्याचं कळवू लागली. "दाजी, जिंकलात!" मेव्हणा फोनवर ओरडला. आणि खरोखरच, थोड्याच दिवसांत एका मोठ्या मालवाहतूक कंपनीने नानांना मुलाखतीला बोलावलं.

मुलाखत घ्यायला एकच बाई होत्या, विभागप्रमुख. आवाज शांत, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी अनुभवाबद्दल चकार शब्द काढला नाही. नानांची पोस्ट उघडून फोन टेबलावर ठेवला.

"हा फोटो कुणी काढला?"

"मिसेसनी," नाना म्हणाले.

"त्या फोटो काढत होत्या, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

कुठलंही उत्तर दिलं तरी नाना उघडे पडणार होते.

"मीच काढला," शेवटी ते पुटपुटले.

"उचलायच्या आधी?"

"आधी."

आता ही बाई आपल्याला हाकलणार, म्हणून नाना खुर्चीच्या कडेला सरकले. पण बाईंचा चेहरा उजळला.

"अहो, मी असाच माणूस शोधतेय! आमच्या नुकसानभरपाई विभागात सगळे भाबडे भरलेत. ट्रकमधून माल पडला की धावतात उचलायला. मग कुठे काय मोडलं त्याचा पुरावाच राहत नाही. तुमच्याकडे तो अलिप्तपणा दिसतोय. कधीपासून येताय?"

नानांना आनंद झाला, यात शंका नाही. पण लिफ्टमधून उतरताना तो फोटो त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

घरी बायकोने तोंड भरून कौतुक केलं. मेव्हण्याने या यशावर लिहायची पोस्ट परस्पर तयार करून पाठवलीसुद्धा. नाना ती न वाचताच आईजवळ जाऊन बसले. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून ती खिडकीशी बसली होती.

"आई, त्या दिवशी मी आधी फोटो काढला गं."

"माहितीये."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, डॉक्टरांना फोन लावतोयस," आई म्हणाली. "मग तू मला जरा बाजूला सरकायला सांगितलंस. बादली मध्ये येते म्हणालास. तेव्हा कळलं."

आईच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. बायको दारात उभी होती. ती आत निघून गेली, आणि भांडी जरा जास्तच जोरात वाजली.

आईला पाणी प्यायला उठायचं होतं. नाना लगबगीने उठले, हात पुढे केला. आईने आधी त्यांच्या दुसऱ्या हातात काय आहे ते पाहिलं, आणि मगच हात धरला.