टाइलमागचा झरोका

मी न्हाणीघराचा झरोका बोलतोय. आता न्हाणीघर म्हणायचं नाही, बाथरूम म्हणायचं. आणि मला तर काहीच म्हणायचं नाही, कारण मी आतून दिसतच नाही. पांढऱ्या गुळगुळीत टाइलमागे मला गाडून टाकलंय. ऐकू मात्र सगळं येतं, म्हणून तर जीव टांगणीला लागलाय.

माझा जन्म म्हणजे दोन विटा न लावणं. गवंड्याने भिंत चढवली, छताखाली वीतभर जागा सोडली आणि हात झटकत म्हणाला, "झालं, घराला नाक आलं!" तेव्हापासून मी स्वतःला जरा जास्तच शहाणा समजायला लागलो. खिडक्यांचं कौतुक होतं, त्यांना पडदे मिळतात. माझ्याकडे मान वर करून बघतं कोण? पण खाली पाणी तापवायचा बंब पेटला की सगळी भिस्त माझ्यावर. धूर कोंडला की लोक माझ्याच नावाने खडे फोडायचे.

आधीचा मालक घड्याळं दुरुस्त करायचा. एकटा जीव, धाकटी बहीण तेवढी येऊन-जाऊन असायची. एका थंडीत त्याने माझ्या तोंडात गोणपाट कोंबलं आणि कोळशाची शेगडी आत घेऊन आंघोळीला बसला. मलाच श्वास नाही, तर त्याला कुठून मिळणार? बहिणीने दार वाजवलं, उत्तर नाही. तिने आरडाओरडा करून शेजारी गोळा केले, कडी तोडली, त्याला ओढून बाहेर आणलं. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "अगं, काही कळलंच नाही. डोकं जड झालं आणि झोप आली." पुढे जन्मभर तो काठीला कुंचा बांधून माझ्यातली जळमटं झाडत राहिला. म्हातारपणाने गेला बिचारा.

मग घर रिकामं पडलं. कबुतरांनी माझ्यात संसार थाटला, घाणही केली. शेवटी बहिणीने घर विकलं.

नवे लोक तिघं: नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. बायकोचे दिवस भरत आलेले. बाळाचं पाऊल नव्याकोऱ्या घरात पडायला हवं म्हणून सगळ्यांची नुसती धांदल. भिंती खरवडल्या, फरशा उखडल्या, जिन्यावर रंगाचे डबे. बंब भंगारात गेला. मला वाटलं, चला, आता आपणही चकचकीत होणार. कसलं काय!

गॅस गिझरवाला जागा बघायला आला. जाणता माणूस. त्याने वर पाहिलं, माझ्यातून येणारा उजेड पाहिला, भिंतीवर खूण केली आणि म्हणाला, "इथे बिनधास्त लावा." मी उघडाच राहणार हे त्याने धरून चाललं. सांगायचं त्याला सुचलं नाही, आणि विचारायचं यांना.

मग टाइलवाला आला. सासूबाई त्याच्या मागे उभ्याच. "अहो मिस्त्री, या भोकातून केवढा गार वारा येतोय! ओल्या अंगाला लागला तर माझं नातवंड आजारी नाही पडायचं?"

"आजी, मग बुजवूनच टाकतो की. भिंत एकसारखी दिसेल."

"टाका बाई, टाका. जीवाला घोर नको."

टाकलं. नंतर दुसराच माणूस येऊन खुणेच्या जागी गिझर टांगून गेला. जागा आधीच ठरलेली, तो कशाला वर बघेल? शिवाय सासूबाईंच्या मुलाने दाराखालच्या फटीला रबराची पट्टी ठोकली. आईला किती बरं वाटलं! एकानेही वाईट चिंतलं नाही, हेच मला सहन होत नाही.

बाहेरच्या बाजूने मी अजून उघडा आहे. मागच्या गॅलरीत तोंड, तोंडावर कबुतरं येऊ नयेत म्हणून नवी जाळी. बाहेरची हवा माझ्यात येते आणि टाइलला धडकून परत जाते.

पहिल्यांदा नवरा आंघोळ करून आला तो कपाळ दाबतच. "रंगाचा वास डोक्यात गेलाय," म्हणाला. मग बायको बाळाला घेऊन घरी आली. आंघोळीनंतर तिला घेरी आली, भिंतीला धरत बाहेर आली. सासूबाई म्हणाल्या, "बाळंतपणाचा अशक्तपणा गं. दूध पी आणि पड जरा." अरे, रंग नाही, अशक्तपणा नाही, तो गिझर आहे! ओरडून ओरडून थकलो मी. भिंतीतल्या भोकाला कोण विचारतो?

आजवर बाळाला खोलीत, टबात आंघोळ घालायचे. आज सासूबाईंनी ठरवलं, बाथरूममध्येच घालायची. "कशी ऊब आहे बघ तिथे, वाऱ्याचं नाव नाही!" बाळाला घेतलं, दार लावलं, गरम पाण्याचा नळ सोडून ठेवला, वाफ कोंडू दे म्हणून. गिझर भडभडून पेटला. बाळ आकांत करत होतं आणि त्या समजावत होत्या, "झालं हं, झालं, सोन्या."

मग त्यांचे शब्द लांबायला लागले. मग बाळाचा आवाज बारीक झाला. आता नुसतं पाणी ऐकू येतंय.

बायको गॅलरीत दुपटी वाळत घालतेय, माझ्या जाळीपासून हातभर अंतरावर. नवरा पुढच्या खोलीत फळी ठोकतोय.

"अहो, ऐकलंत का?" ती हसत म्हणाली. "आज रडायचं थांबलासुद्धा. आईंच्या हाताला गुण आहे हं!"

"मग हाक मारू नकोस," तो आतून म्हणाला. "झोपू दे त्याला आजीच्या मांडीवर."

अगं पोरी, मार हाक! दुपटं टाक ते, दार वाजव, तोड! मी तुझ्या कानाशीच आहे गं. माझ्यातून आतला एक श्वास जरी बाहेर आला असता, तरी तुला कळलं असतं.

तिने दुपटं झटकलं, दोरीवर नीट ओढून घातलं, आणि कोणाची झोप मोडू नये म्हणून गॅलरीचं दार हळूच लोटून घेतलं.