टबात उतरलेले कौल

मित्रांनो, मी एक जुने कौल आहे. कोपरा उडालेले, पाठीवर शेवाळाचा डाग असलेले आणि खरे सांगायचे तर थोडे बढाईखोर. माझ्या पाठीवर एक पंजा उमटलेला आहे. माती ओली होती तेव्हा माझ्यावरून एक मांजर चालत गेले, असे भट्टीवाला म्हणे. मी मात्र तो वाघाचा पंजा आहे असेच सगळ्यांना सांगत आलो. छपरावर चढून खरेखोटे करायला कोण येतो?

भट्टीतून निघालो तेव्हा असा तापलेला होतो, की माझ्याकडे पाहून सूर्यानेही दोन पावले मागे घेतली. पुढे एका घराच्या छपरावर, अंगणाकडच्या बाजूला मला जागा मिळाली. कौलांचे आयुष्य रांगेत जाते. माझी मान वरच्या थोरल्याच्या पायांखाली आणि खालच्या धाकट्याची माझ्या पायांखाली. वरून आलेले पाणी मुकाट्याने खालच्याच्या अंगावर सोडायचे, एवढेच काम. पण तिथे कुणी एकटे नसते.

खाली शिवणकाम करणारी वहिनी, तिची सासू आणि वहिनीची छोटी मुलगी राहत. मुलीला सगळे चिमणी म्हणत. शिवणयंत्र सुरू झाले की आमची आख्खी रांग गुदगुल्या झाल्यासारखी थरथरायची.

माळापलीकडे विमानतळ होता, पण तेव्हा तोही आमच्यासारखाच साधा होता. सकाळी एक विमान, संध्याकाळी एक. मग त्याला वाढीचे वय लागले. धावपट्टी आमच्या दिशेने लांबत आली. विमाने धिप्पाड झाली आणि इतकी खालून जाऊ लागली, की एकदा एका वैमानिकाने माझी ख्यालीखुशाली विचारली. बरे, विचारली नसेल. पण विचारता आली असती.

भीती विमानाची नव्हती, मित्रांनो. विमान गेले, आवाज विरला, की थोडा वेळ पानही हलायचे नाही. आणि मग विमानाने मागे सोडलेला वाऱ्याचा भोवरा सूं करत खाली यायचा आणि छपरावरून बोटे फिरवायचा. कोण सैल आहे ते चाचपून बघायचा.

एका दुपारी त्याने मला उचलले. मी उडालो! ढगांना खेटून, घारीला वळसा घालून आलो, असे मी सांगतो. प्रत्यक्षात छपरापासून अंगणापर्यंतच गेलो. अंगणात पाण्याने भरलेला टब होता. मी नेमका त्यात पडलो, म्हणून फुटलो नाही, फक्त कोपरा गेला. त्याच पाण्यातून वहिनीने चिमणीला नुकतेच उचलले होते. तिचे केस पुसून व्हायचे होते. लेकीला छातीशी धरून वहिनी खाली बसली आणि पाण्यातल्या माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर मी वाघाची गोष्ट बरेच दिवस कुणाला सांगितली नाही.

त्या आठवड्यात कापड बेतायच्या टेबलाभोवती गल्ली जमली. मधोमध मी. प्रत्येकाच्या घराची दोनचार कौले गेलेली होती, पण आजवर जो तो आपापल्या छपरापुरता गप्प होता.

"माझं तर न्हाव्याचं दुकान," एक जण म्हणाला. "विमान आलं की वस्तरा ठेवून छपराकडं बघायला धावतो. गिऱ्हाईक म्हणतं, काका, अर्धी मिशी ठेवून कुठं निघालात?"

सगळे हसले. वहिनी हसली नाही. "विमानं जरा उंचावरून न्या, नाहीतर छपरं बांधून द्या," ती म्हणाली. "माझी मुलगी अंगणात खेळली पाहिजे, एवढंच."

समिती झाली. गल्लीतले बसचालक मामा विमानतळावर चार वेळा खेटे घालून आले, तेव्हा कुठे विमानतळाचे साहेब पाहणीला यायला तयार झाले. आणि इथेच माझ्या भोळ्या माणसांनी घोळ घातला.

"पाहुणे येणार आणि छपराला भोकं?" सासूबाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?" एका घरी शिडी लागली, ते बघून दुसऱ्या घरी लागली. संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली नवरीसारखी नटली. वहिनी शिवलेले कपडे पोचवून परतली, तेव्हा माझ्या जागी नवे कौल बसले होते. मी अंगणातल्या फळीवरून ते पाहिले. थोरल्याने आणि धाकट्याने त्याला सामावून घेतले होते. रांगेला खिंडार चालत नाही. मला ठाऊक आहे. तरीही.

साहेबांनी मान वर करून गल्ली पाहिली. "छान ठेवलीत की घरं," ते म्हणाले. "नुकसान कुठाय?"

वहिनीने मला पुढे केले. "हे पडलं. भोक आम्हीच बुजवलं, तुम्ही येणार म्हणून."

"बरं, हे तपासणीसाठी नेतो," साहेब म्हणाले.

तेव्हापासून मी त्यांच्या टेबलावर आहे. माझ्याखाली गल्लीचे अर्ज असतात. पंखा फिरतो, मी ते उडू देत नाही. कुणी ते वाचतही नाही. इथल्या काचा जाड आहेत, विमाने दिसतात पण ऐकू येत नाहीत. प्रत्येक वेळी विमान त्या छपरांकडे वळले, की 'चिमणी घरात असू दे' असे मी म्हणत बसतो. ऐकायला शेजारी कुणी नसते.

परवा समिती पुन्हा आली. वहिनीने टेबलावर पिशवी उलटी केली. फुटकी कौले खळाळली. त्यात माझ्या जागेवरचे ते नवेही होते, दोन तुकडे झालेले.

"या खेपेला काही बुजवलं नाही," ती म्हणाली. "येऊन बघा. चिमणीला मी अंगणात सोडत नाही. ती खिडकीतून अंगण बघते."

साहेबांनी पहिल्यांदा मला बाजूला सरकवले आणि अर्ज उचलले. पावसाळ्याआधी सगळी छपरे तारेने बांधून द्यायचे त्यांनी लिहून दिले. विमाने उंच नेण्याचे वरिष्ठांना विचारतो म्हणाले. निघताना वहिनीने माझ्यावर हात ठेवला. "हे नेऊ का?"

"त्याची नोंद झालीय. नेता येणार नाही."

तिने हात काढून घेतला.

मित्रांनो, तुमच्या डोक्यावरचे काही सैल झाले, तर पाहुण्यांपासून लपवू नका. आधी शेजाऱ्याला दाखवा. त्याचेही सैल झालेले असते. आणि कधी या कार्यालयात आलात, तर मला पालथे करून बघा. पंजा वाघाचाच आहे.