पहिला फॉर्म

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी धाकटीला समाजशास्त्रात एम.ए. करायची हुक्की आली, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी कपाळाला हात लावला. फक्त तिची थोरली जाऊ म्हणाली, "करू दे तिला. घराचं मी बघते." या दोन वाक्यांचं मोल धाकटीला पुढे दोन वर्षांनी कळलं, आणि तेही मॅडमनी कान उपटल्यावर.

सरकारी विद्यापीठातला तिचा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. पंखे कुरकुरायचे, एका खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा होता. पण ग्रंथालय मोठं आणि शिकवणारी माणसं जीव ओतून शिकवणारी, त्यामुळे धाकटी खूश होती. वर्गातली पोरं तिला 'काकू' म्हणत आणि परीक्षेआधी तिच्याच वह्या पळवत. प्रबंधासाठी तिने आपल्या वस्तीतल्या साठ घरांमध्ये फॉर्म भरून घेतले होते. विषय होता बायकांचं काम.

प्रबंध जमा करायला आठ दिवस उरले असताना तिच्या मार्गदर्शक मॅडमनी फॉर्मांचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला.

"साठातल्या पन्नास बायका म्हणतात, आम्ही काही करत नाही. तुमची वस्ती आपोआप चालते का?"

"उत्तर जसंच्या तसं लिहायचं, असं तुम्हीच शिकवलंत, मॅडम."

"उत्तर बरोबर लिहिलंत. 'काय काम करता?' हा प्रश्नच फुसका होता." मॅडमनी सगळ्यात वरचा कागद उचलला. "हा पहिला फॉर्म तुमच्या घरचा ना? तुमच्या जाऊबाईही काही करत नाहीत म्हणे. त्यांना विचारलं होतंत?"

विचारलं नव्हतं. घरचाच तर फॉर्म, त्यात विचारायचं काय, म्हणून तिने तो बसमध्ये बसल्या बसल्या भरून टाकला होता. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता पन्नास घरं पुन्हा करायची, नाहीतर वर्ष वाया. तिच्या कचेरीने शिक्षणासाठी दिलेली रजा महिनाअखेरीला संपत होती आणि दुसऱ्यांदा कोणी देणार नव्हतं. घरी येऊन तिने रडत रडत सगळं सांगितलं, पहिल्या फॉर्मचं तेवढं मात्र गिळलं. थोरलीने हातातलं भांडं पुसून जागेवर ठेवलं आणि चपला घातल्या.

"चल, मी येते."

पहिल्याच दारात शेजारीण वैतागली. "अगं, मागे सांगितलं ना, घरीच असते मी."

"ते असू दे," थोरली उंबऱ्यावरच बसली. "सकाळी उठल्यावर पहिलं काय करतेस?"

झालं, बाई जी सुटली! आधी पाणी भरणं, मग सासऱ्यांची औषधं, बहिणीची दोन पोरं सांभाळणं, बटणं लावायला आणलेले शर्ट. फॉर्मवरची जागा संपली, धाकटीने मागच्या बाजूला लिहायला घेतलं. मग दारोदार थोरली तेवढंच विचारत गेली आणि धाकटीचं पेन थांबेना. पुस्तकांची नऊशे पानं वाचून जे जमलं नव्हतं, ते या बाईने उंबऱ्यावर बसून केलं होतं.

सातव्या दिवशी दुपारी एकोणपन्नास फॉर्म झाले. थोरली स्वयंपाकघरात पाय पसरून बसली होती. धाकटीने तिच्यापुढे पहिला फॉर्म ठेवला, जुना, 'काही करत नाही' लिहिलेला.

"ताई, हा मी तुम्हाला न विचारता भरला होता. चुकले मी."

थोरलीने तो डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि बाजूला ठेवला. रागावली नाही, हसलीही नाही. "मग आता विचार की."

धाकटीने कोरा फॉर्म घेतला. "सकाळी उठल्यावर पहिलं काय करता?"

"तुझा डबा भरते," थोरली म्हणाली. "तू उठायच्या आधी."

धाकटीचे डोळे भरून आले. पेन तसंच हातात राहिलं.

"लिही ना," थोरली म्हणाली. "अजून पुष्कळ सांगायचंय."