चार महिने टाकीत

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी अबकारी निरीक्षकाने सतरा नंबरच्या रिकाम्या पिंपावर बोट ठेवलं. "काका, या दोन फळ्या नव्या कशा?"

काकांची मुलगी लेबलांचा गठ्ठा घेऊन शेजारीच उभी होती. लेबलांवर सोनेरी अक्षरांत 'बारा वर्षे' छापलं होतं आणि खाली तिच्या वडिलांची सही होती. चौतीस वर्षं व्हिस्कीची मिश्रणं जमवणाऱ्या या माणसाला कारखान्यात सगळे 'नाकवाले' म्हणत. शनिवारी ते निवृत्त होणार होते आणि त्यांची जागा मुलगी घेणार होती. सहा पिंपांचा माल त्यांनी गेल्या आठवड्यात हौदात एकत्र केला होता. त्यांच्या हातचं हे शेवटचं मिश्रण.

"पिंप गळत होतं. सात वर्षांपूर्वी मीच दुरुस्त केलं," वडील म्हणाले.

"आणि तोवर माल कुठे होता?"

मालाच्या नोंदवहीत ते नव्हतंच. दुरुस्तीची वही वेगळी, आणि ती कोणी मागत नसे. वडील गप्प राहिले असते तरी चाललं असतं, असं मुलीला वाटून गेलं.

"स्टीलच्या टाकीत," वडील म्हणाले. "चार महिने."

वही त्यांनी स्वतःच आणून दिली. तारखा त्यांच्याच अक्षरात होत्या.

निरीक्षकाने पेनाचं टोपण लावलं. "वय फक्त लाकडातलं धरतात, हे मी तुम्हाला काय सांगू? बारा वर्षं एक महिना, त्यातून चार महिने गेले. राहिली अकरा वर्षं नऊ महिने."

"अहो साहेब, बायको चार महिने माहेरी राहिली, म्हणून संसाराची वर्षं कमी होतात का?"

"आमच्या खात्यात होतात, काका."

वडील हसले. मुलीला हसू आलं नाही. "बाकीची पाच तर तेरा वर्षांची आहेत," ती म्हणाली.

"ताई, एकत्र केल्यावर सगळ्यात धाकट्याचं वय लेबलवर येतं. थोरल्यांचा उपयोग नाही." मग त्याने वहीत पुन्हा पाहिलं. "दोन फळ्यांना आठ दिवस पुरतात. चार महिने का लागले?"

"घरी अडचण होती."

मुलीने मान खाली घातली. ते चार महिने आई इस्पितळात होती. वडील सकाळी हजेरी लावून थेट तिच्याकडे जात. पिंपाच्या फळ्या बसवणारं दुसरं कोणी कारखान्यात नव्हतं. आई गेल्यावर तेराव्या दिवशी त्यांनी हातोडा उचलला होता.

निरीक्षकाने आणखी विचारलं नाही. लेबलं बाटल्यांना चिकटलेली नव्हती, म्हणून गुन्हा नोंदवला नाही. हौदाला मात्र मोहोर लावली आणि कोरा अर्ज ठेवला. "पाचपर्यंत कळवा. 'अकरा वर्षे' छापून शनिवारच्या आत भरा, नाहीतर माल परत लाकडात घाला. तीन महिन्यांनी खरंच बारा होतील."

"मग सही कोणाची?" मुलीने विचारलं. उत्तर तिला पाठ होतं.

"बाटल्या भरायच्या दिवशी जो कामावर असेल त्याची. म्हणजे तुमचीच, ताई."

तो गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, अकरा छापू. सही तुमची राहील. चवीत काय फरक पडतो?"

"तीन महिन्यांनी पडतो."

"तुम्ही उगाच खरं बोललात."

"तुझ्या आईचे चार महिने खोडू का?" ते म्हणाले आणि डबा खायला गेले.

दुपारी ती छापखान्याला फोन करून 'अकरा' आणि 'बारा' अशा दोन्ही लेबलांची चौकशी करून आली. अर्ज टेबलावर तसाच होता, पेन त्यावर आडवं ठेवलेलं. वडील गोदामात होते. रिकामी सहा पिंपं त्यांनी ओळीने लावली होती आणि गळती पाहायला त्यांत पाणी भरत होते.

"ठरलं का मग?" तिने दारातून विचारलं.

"सतरा नंबर अजून जरा पाझरतंय," ते म्हणाले. "बघू."

पाचला दहा कमी असताना अर्जावर फक्त तारीख लिहिलेली होती; बाटलीत की लाकडात, ती ओळ कोरीच होती.