एकाच बाटलीत उगवलेलं

मित्रांनो, रक्ताच्या बाटल्या उबवणारी मी एक जुनी पेटी. आधी जन्म सांगायचा असतो ना? पत्रा, काच, तारा. झाला जन्म.

आता काम. तापाच्या रुग्णाचे रक्त बाटलीतून येते. मी त्याला अंगाची ऊब देते. आत जंतू असेल तर तो वाढतो आणि माझा दिवा लागतो. ज्याला मारायचे, त्यालाच आधी पोसायचे! माझ्या डोक्यात हे कधीच शिरले नाही.

एकदा एका शिंपीणबाईंच्या दोन बाटल्या आल्या. पोटाच्या ऑपरेशननंतरचा त्यांचा ताप कुठल्याच औषधाला दाद देत नव्हता. मानेजवळच्या शिरेत सलाईनची नळी होती. तिसऱ्या दिवशी एका बाटलीचा दिवा लागला. दुसरी गप्प. आता खरी कोणती?

आमच्या प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ काका म्हणाले, "दोनातली एकच ना? सुई टोचताना कातडीवरचं काहीतरी आत गेलं असणार. द्या सोडून."

मला पटले. खोटे कशाला बोलू?

प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाईंनी त्या बाटलीतल्या थेंबाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. "काका, कातडीवरच्या जंतूंना तुमचा नियम बरोबर, पण हा पाहुणा वेगळा. ही बुरशी आहे. गोल पेशीला कोंब फुटलाय, बघा."

"पण दुसरी बाटली..."

"रक्तात बुरशी एकदा दिसली तरी खरीच धरायची. दुसरीची वाट बघत बसलो तर बाई हातच्या जातील. वॉर्डला फोन लावा!"

बुरशीचे औषध सुरू झाले. बुरशी तिच्यातूनच शिरली असावी म्हणून मानेजवळची नळी काढली. डोळेही तपासले, बुरशी तिथेही जाऊन बसते म्हणे. (डोळ्यांत? कशी?) रोज नवी बाटली येई. दिवा लागला. पुन्हा लागला. दिव्यासाठी माझे कौतुक व्हायचे, आणि मीच मनात म्हणत होते, नको रे लागूस!

मग आलेली एक बाटली पाच दिवस गप्प राहिली.

दाराशी बाईंची बहीण उभी होती. "काहीच नाही उगवलं?"

"काहीच नाही," काका म्हणाले. "पण औषध एवढ्यात थांबवायचं नाही हं. रक्त स्वच्छ झाल्यापासून दोन आठवडे."

ती रडायला लागली. काकाही चष्मा पुसू लागले. चांगली बातमी ना ही? मग?

मित्रांनो, हल्ली मी अडगळीत आहे, नवे यंत्र आले आहे. मला फारसे कळत नाही. एवढेच सांगते: कुणाच्या शिरेतल्या नळीला शिवण्याआधी हात धुवा. आणि रोज विचारा, "ही अजून हवीच आहे का?"