किल्ली आत राहिली

"बाबा, अजून एकदा आठवा. पुढे आकडा होता का?"

"रोज बोट ठेवूनच उघडायचो गं. टाइप केला तो दीड वर्षापूर्वी, एकदाच."

काळेवाडीतल्या त्या दोन खोल्यांत सकाळपासून हेच चाललं होतं. चाकणच्या कंपनीत लेथवर तीस वर्षं काढलेले रंगराव नव्या फोनकडे हताशपणे बघत होते. जुना फोन रविवारी पाण्याच्या पिंपात पडला, तो पुन्हा सुरूच झाला नाही. त्यात त्यांच्या बायकोचा, कस्तुराबाईंचा आवाज होता. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज जाणार हे कळल्यावर त्यांनी आठ दिवस बसून बोलून ठेवलं होतं. पुरणाचं प्रमाण, लेकीला दटावणं, नवऱ्याला मारलेल्या हाका. ते सगळं ऑनलाइन खात्यातही होतं. पण खात्याचा पासवर्ड होता पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद ठेवणाऱ्या ॲपमध्ये, आणि मॅनेजरचा मुख्य पासवर्ड रंगरावांना काही केल्या आठवत नव्हता.

ते ॲप स्वप्नालीनेच बसवून दिलं होतं. आयटीत नोकरी करणाऱ्या लेकीने वडिलांच्या डायरीतलं पासवर्डचं पानही तेव्हाच फाडून टाकलं होतं.

"अडीनडीला एक कोड असतो म्हणाली होतीस ना?"

"तो मी मॅनेजरमध्येच सेव्ह केला, बाबा. कागदावर लिहायचा राहून गेला. आणि खात्याला ओटीपीसाठी नंबर आईचा दिला होता. तो ती गेल्यावर आपण बंद केला."

रंगरावांनी नवा फोन पालथा ठेवला.

"म्हंजे किल्ली आत ठिवून कुलूप लावलं आपण."

त्यांच्या तोंडून 'आपण' ऐकलं आणि स्वप्नालीला रडू फुटलं.

दुपारी राजगुरुनगरहून सुमनताईंचा, कस्तुराबाईंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. स्पीकरवरचं बोलणं स्वप्नालीला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.

"दाजी, परवा अक्काचं वर्षश्राद्ध. तिचं बोलणं लावाल ना जरा?"

"न्हाई लावता यायचं, सुमन. फोन पाण्यात पाडला मी. पासवर्डबी इसरलो. गेलं सगळं."

"अहो, तेवढंच तर उरलं होतं तिचं! आणि स्वप्नाली एवढी शिकलेली, तिला नाही का कळलं?"

स्वप्नाली दारापर्यंत आली. रंगरावांनी हातानेच तिला थांबवलं.

"तिचा काय संबंध? तिनं समदं नीट करून दिलं हुतं."

सुमनताई रडत होत्या, रडता रडता बोल लावत होत्या. सुपरवायझरसमोर उभं राहावं तसे रंगराव ताठ उभे राहून ऐकत होते.

"व्हय," ते मधूनमधून म्हणत होते. "व्हय. माझंच चुकलं."